पेशीची दारे कोण धरतो?



एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकाबाईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनात गाठ झाली होती. दोन वर्षांपूर्वी शहरात नेऊन शस्त्रक्रिया केली. आता त्या ठणठणीत आहेत. पहाटे उठून धारा काढतात, खुरपायला जातात. पण डॉक्टरांनी रोज एक गोळी पाच वर्षे घ्यायला सांगितली आहे. घरातली माणसे म्हणतात, रोग गेला, मग औषध कशाला? मी शिकलेली, म्हणून सगळे मला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही."

बाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. ताप उतरला की आपण औषध थांबवतो. जखम भरली की पट्टी सोडतो. मग येथेच ही पाच वर्षांची गोळी का? याचे उत्तर द्यायचे तर शरीराच्या अगदी आत, पेशीमध्ये, डोकावून पाहिले पाहिजे. आज तेच करू.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे शाळेतली मुलेही सांगतील. या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात. बोट कापले की कातडी पुन्हा भरून येते, ती अशीच. स्तनाचे उदाहरण तर घरोघरचे आहे. बाई गरोदर राहिली की स्तनातील दूध तयार करणाऱ्या पेशी झपाट्याने वाढतात. मूल अंगावरून सुटले की त्याच पेशी ओसरतात. म्हणजे वाढायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा, याला काहीतरी शिस्त आहे. पेशी आपल्या मनाने वाढत नाही. तिला बाहेरून निरोप येतो, तो निरोप आत पोहोचवला जातो, आणि मगच ती वाढते.

हे कसे चालते, ते बागायतदाराला चटकन समजेल. धरणातून पाटाला पाणी सुटते. पाटातून ते पोटपाटात येते, तेथून साऱ्यात आणि शेवटी वाफ्यात. पण पाणी सुटले म्हणून पीक आपोआप भिजत नाही. रात्रीच्या थंडीत खोरे घेऊन कोणीतरी दारे धरावी लागतात. एक दार फोडायचे, वाफा भरला की ते मातीने बुजवायचे, आणि पुढचे फोडायचे. दारे धरणाऱ्याला डुलकी लागली, तर पुढे काय होते हे मी सांगायला नको. एकाच वाफ्यात पाणी धो धो वाहते आणि बांध फुटून माती वाहून जाते.

पेशीच्या आत अशीच दारे आहेत आणि ती धरणारेही आहेत. त्यांना एन्झाइम म्हणतात. मराठीत विकर किंवा वितंचक असेही शब्द आहेत. एन्झाइम ही बहुधा प्रथिनेच असतात आणि शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणे हे त्यांचे काम. भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोडसर लागू लागतो. आपल्या लाळेतले एन्झाइम भाकरीतील पिठूळ पदार्थाची साखर करीत असते, म्हणून तसे होते. गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. दोन वाट्यांत थोडी पातळ, कोमट पेज घ्या. एकीत लाळ मिसळा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबा. मग दोन्हींत आयोडीनचे थेंब टाका. साधी पेज निळी-काळी होईल. लाळेची होणार नाही किंवा फिकी राहील.

लाळेतले एन्झाइम अन्न फोडते. पेशीतील काही एन्झाइमांचे काम निराळे असते. ती निरोप पुढे सरकवतात. त्यासाठी ती वापरतात फॉस्फेट. शेताला आपण सुपर फॉस्फेट घालतो. त्यात फॉस्फरसचे जे संयुग असते, त्याच जातीचा एक इवलासा कण पेशीतही असतो. एखाद्या प्रथिनावर हा कण चिकटवला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि ते कामाला लागते. कण काढून घेतला की ते पुन्हा स्वस्थ होते. काही प्रथिनांत याच्या उलटही घडते. कण चिकटवणाऱ्या एन्झाइमाला कायनेज म्हणतात, आणि काढून घेणाऱ्याला फॉस्फेटेज. एक दार फोडणारा, दुसरा बुजवणारा, असे समजा.

अमेरिकेतील सिअॅटल येथे एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर या दोघांनी १९५० नंतरच्या दशकात ही गोष्ट शोधून काढली. ते कर्करोगावर काम करीत नव्हते. स्नायूला जोर कसा येतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. या शोधाबद्दल त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज माणसाच्या शरीरातील पाचशेहून अधिक कायनेजे माहीत झाली आहेत.

पुढे १९७९ साली टोनी हंटर हे शास्त्रज्ञ कर्करोग करणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करीत होते. प्रयोगाचे द्रावण जुने झाले होते आणि ताजे करायचा त्यांनी कंटाळा केला. द्रावणाची आंबटाई बदलली होती, आणि त्यामुळेच आजवर एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले. फॉस्फेटचा कण टायरोसीन नावाच्या घटकावरही चिकटवला जातो, हे त्यातून कळले. पेशीला वाढीचा हुकूम देणारी कित्येक कायनेजे याच जातीची निघाली. कंटाळ्याला एवढे मोठे फळ क्वचितच येते. विद्यार्थ्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये!

आता स्तनाच्या कर्करोगाकडे वळू. भारतातील स्त्रियांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या वर्षी आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. पुरुषांनाही तो होतो, पण क्वचित. हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा लेकराला अंगावर पाजल्याने दुसऱ्याला लागत नाही. तो कोणाच्या पापाचेही फळ नाही. पेशीतील दारांचा बिघाड, हे त्याचे खरे स्वरूप.

या रोगाला कोणते पाणी मिळते, याचा पहिला सुगावा एका डॉक्टरला गुराढोरांमुळे लागला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे डॉक्टर जॉर्ज बीटसन तरुणपणी मेंढ्यांच्या एका फार्माजवळ काही काळ राहिले होते. अंगात दूध कसे उतरते, याचा अभ्यास त्यांनी तेथे केला. काही देशांत गाय व्याल्यावर तिची अंडाशये काढून टाकतात, म्हणजे दूध लवकर आटत नाही, हेही त्यांना कळले. त्यांनी विचार केला : अंडाशय कोठे आणि कास कोठे! तरी एकाचा हुकूम दुसरीवर चालतो. मग बाईच्या स्तनातील गाठीवरही तो चालत असेल काय? १८९५ साली त्यांनी रोग फार वाढलेल्या एका तरुण स्त्रीची अंडाशये काढली. काही महिन्यांत गाठ विरून गेली. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे तिचा रोग उलटला हे खरे, पण दिशा सापडली. धरण बंद केले आणि वाफा सुकला.

मात्र हीच शस्त्रक्रिया इतर स्त्रियांवर केली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश जणींनाच गुण आला. बाकीच्यांना का नाही, हे कळायला साठ-सत्तर वर्षे लागली. अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात उतरते. शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी खूण केलेले इस्ट्रोजेन वापरून पाहिले, की हे ठरावीक अवयवांच्या पेशींतच टिकून राहते. त्या पेशींत त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. आपल्या भाषेत, पाटावरचे ते पहिले दार. ज्या गाठीच्या पेशींना हे दार आहे, त्यांनाच हे पाणी मिळते. ज्यांना ते नाहीच, त्यांच्यासाठी धरण बंद करून काय उपयोग?

जगभर पाहिले तर दहांपैकी सुमारे सात गाठींना हे इस्ट्रोजेनचे दार असते. बाईंच्या जाऊबाईंची गाठ याच जातीची असणार. एरवी रोज घ्यायची ती गोळी डॉक्टरांनी सांगितली नसती.

या गोळ्या दोन तऱ्हेच्या असतात. एक टॅमोक्सिफेन. हे औषध १९६२ साली इंग्लंडमध्ये तयार झाले, ते संततिनियमनासाठी. त्या कामाला ते उपयोगी पडले नाही. पण इस्ट्रोजेनच्या दारात ते घट्ट बोळ्यासारखे बसते, असे दिसून आले. पाटाला पाणी आहे, दारही आहे, पण दारात बोळा कोंबला आहे. म्हणून १९७० नंतर ते स्तनाच्या कर्करोगावर वापरू लागले.

दुसरी तऱ्हा पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी. त्यांच्या बाबतीत धरण आटलेले असते. पण शेतात जशी विहीर असते, तसे अंगातल्या चरबीत थोडे इस्ट्रोजेन तयार होतच राहते. ते तयार करणारे एन्झाइम म्हणजे अॅरोमाटेज. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल या गोळ्या त्या एन्झाइमालाच अडवतात. विहिरीवरची मोटर बंद केली, असे म्हणा.

पण मंडळी, पेशीला पाणी मिळण्याची वाट एकच नाही. पेशीच्या पृष्ठभागावर आणखी काही दारे असतात. त्यांतल्या एकाचे नाव हर-टू. हे दार मोठे विलक्षण आहे. त्याचे एक टोक पेशीच्या बाहेर आणि दुसरे आत असते, आणि आतले टोक स्वतःच एक कायनेज असते. दार आणि दारे धरणारा, दोन्ही एकच! निरोगी पेशीत या दाराच्या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींत त्याच्या कितीतरी प्रती होतात, आणि पेशीवर दारेच दारे उभी राहतात. मग ती एकमेकांना चिकटून, बाहेरून निरोप येवो न येवो, आत हुकूम सोडत राहतात. अशी गाठ लवकर फैलावते, हे अमेरिकेतील डॉक्टर डेनिस स्लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले. शंभरांपैकी सुमारे १५ ते २० गाठी अशा असतात.

हर-टूचा हुकूम आत गेला की पुढचे दार फोडले जाते. पीआय-थ्री कायनेज नावाचे एन्झाइम पेशीच्या पडद्यातील एका स्निग्ध पदार्थावर फॉस्फेटचा कण चिकटवते. तो कण पाहून एकेटी नावाचे दुसरे कायनेज जागे होते, आणि "वाढ, मरू नकोस" असा निरोप पुढे देते. हे दार बुजवायला पेशीने एक राखणदार ठेवलेला असतो. त्याचे नाव पीटेन, आणि तो १९९७ साली सापडला. त्या स्निग्ध पदार्थावरचा कण तो काढून घेतो. कित्येक गाठींत हा राखणदारच नाहीसा झालेला असतो. आणि इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चाळीस गाठींत पीआय-थ्री कायनेजाच्या जनुकातच असा बदल झालेला असतो, की दार उघडे ते उघडेच राहते.

सगळ्या वाटा अखेर एका बांधाशी येतात. आरबी नावाचे एक प्रथिन पेशीला दुभागू देत नाही. इस्ट्रोजेनचा किंवा हर-टूचा हुकूम पुरेसा जोरात आला, की सीडीके-चार आणि सीडीके-सहा ही कायनेजे त्या आरबीवर फॉस्फेटचे कण चिकटवतात. बांध ढिला होतो आणि पेशी एकीच्या दोन होऊ लागते. निरोगी पेशीत हे वेळेवर घडते आणि वेळेवर थांबते. कर्करोगात थांबण्याचा भाग गळून पडतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी नावे लक्षात ठेवून आम्हांला काय करायचे? नावे विसरलात तरी चालेल. एवढेच लक्षात ठेवा, की प्रत्येक गाठीचे उघडे राहिलेले दार वेगळे असते, आणि ते कोणते हे तपासून कळते. गाठीचा तुकडा सुईने काढून प्रयोगशाळेत पाठवतात. अहवालात ई.आर., पी.आर. आणि हर-टू अशी तीन अक्षरी नोंद येते. पहिल्या दोन नोंदी संप्रेरकांच्या दारांच्या, तिसरी हर-टूची. या नोंदींवरून औषध ठरते. पहिली दारे असतील तर गोळी. हर-टूची दारे फार असतील तर ट्रास्टुझुमॅबचे इंजेक्शन. ते त्या दाराला बाहेरून अडवते. अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. पुढे भारतातच त्याच गुणाचे औषध तयार होऊ लागले आणि २०१४ पासून ते येथे मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. सीडीके अडवणारे पॅल्बोसिक्लिब २०१५ साली आणि पीआय-थ्री कायनेज अडवणारे अल्पेलिसिब २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. ती औषधे मुख्यत्वे रोग पसरलेला असतो तेव्हा लागतात.

काही गाठींत तिन्हींपैकी एकही दार नसते. आपल्या देशात अशा गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते. त्यांवर ही गोळी चालत नाही. त्यांना इतर औषधे द्यावी लागतात. म्हणून शेजारणीला लागू पडलेले औषध आपल्याला लागू पडेलच असे नाही. सुईने तपासल्यावर रोग पसरतो, ही भीतीही मनातून काढून टाका. तपासणी केल्याशिवाय उपचार करणे म्हणजे कोणते दार फुटले आहे ते न पाहता अंधारात माती टाकत सुटणे होय.

या अभ्यासाला आपल्या मातीचाही हात लागला आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉक्टर कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची, देशातील पहिली मानली जाणारी प्रयोगशाळा उभारली, आणि उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. शाळेतल्या मुलींना हे नाव जरूर सांगावे.

आता बाईंच्या प्रश्नाकडे परत येऊ. शस्त्रक्रियेत गाठ निघाली, हे खरे. पण गाठ निघण्यापूर्वीच तिच्यातील थोड्या पेशी रक्तावाटे हाडांत किंवा यकृतात जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात, की कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत. जमिनीत पडलेल्या हरळीच्या काशीसारख्या त्या निजून असतात. त्यांनाही तेच इस्ट्रोजेनचे दार असते. गोळी चालू आहे तोवर त्या दारात बोळा आहे. गोळी थांबवली की काही आठवड्यांत बोळा निघतो, आणि काशीला पाणी मिळते. जाऊबाईंना आज बरे वाटते, हे गोळी नको असल्याचे लक्षण मानू नये. दारात बोळा आहे, हेही त्या बरे वाटण्याचे एक कारण असू शकते.

हा केवळ तर्क नाही. हजारो स्त्रियांवरील चाचण्यांचा एकत्र हिशोब २०११ साली प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेनचे दार असलेल्या ज्या स्त्रियांना सुमारे पाच वर्षे टॅमोक्सिफेन दिले होते, त्यांच्यात त्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले होते, आणि पंधरा वर्षांपर्यंत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले होते. म्हणजे गोळी पाच वर्षांची आणि लाभ पंधरा वर्षांचा. काही जणींना डॉक्टर ती दहा वर्षेही घ्यायला सांगतात.

गोळीचा त्रास होत नाही असे मात्र नाही. अंगातून गरम वाफा निघतात, घाम सुटतो. टॅमोक्सिफेनने क्वचित पायाच्या शिरेत रक्त गोठते किंवा गर्भाशयाच्या अस्तरात बिघाड होतो. पाय सुजून दुखू लागला, एकाएकी दम लागला, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ही गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. त्रास फार होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. आपणच ती बंद करू नये. आणि एक गोष्ट : ही गोळी घेऊनही कधीकधी रोग उलटतो, कारण पाणी हर-टूच्या किंवा पीआय-थ्रीच्या वाटेने पाझरत येते. म्हणून बरे वाटत असले तरी ठरलेल्या तारखेला तपासणीस जावेच.

शेवटी सगळ्या आयाबहिणींना एक विनंती. स्तनात न दुखणारी गाठ हाताला लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढले गेले किंवा त्यातून रक्त आले, तर लाज धरू नका आणि दुखेल तेव्हा पाहू असे म्हणू नका. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण कोणती साधी हे हाताने कळत नाही. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, तपासले होते. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्या स्त्रियांमध्ये रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्या आरोग्यसेविकांपाशी नुसते हात होते आणि शिकवण होती, यंत्र नव्हते.

बाई, घरी जाऊन आपल्या सासूबाईंना पाटाची गोष्ट सांगा. ज्यांनी उभा जन्म दारे धरण्यात घालवला, त्यांना ती कळेल. शेत भिजून वर आले तरी पाटाला पाणी असेतो शहाणा शेतकरी दारावरून उठत नाही. जाऊबाईंच्या गोळीची वेळ ठरवून द्या, गोळ्या संपण्याआधी आठवडाभर नवीन आणून ठेवा, आणि पाच वर्षे पुरी होऊ द्या.